पहिल्या रायफलीच्या नळीचें माप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पानगळ सुरू झाली कीं हरणांच्या शिकारीचा हंगाम लागतो. तेथील बहुतेक शिकारी दुकानांत तयार मिळणारी रायफल घेऊन रानांत जातात आणि तेवढ्यावर त्यांचें समाधान होतें. परंतु कांहीं वर्षें अशी रायफल वापरल्यावर एखाद्याच्या मनांत असें येतें कीं, शिंप्याकडून अंगरखा बेतून घ्यावा त्याप्रमाणें आपल्या खांद्याला, हाताला आणि गरजेला जुळेल अशी एक रायफल कारागिराकडून करवून घ्यावी. बोल्टची यंत्रणा एका कारखान्याची, पोलादी नळी दुसऱ्याची, अक्रोडाचा दस्ता तिसऱ्याचा, आणि हे सर्व भाग केसाइतकेंहि अंतर न ठेवतां जुळविणारा कारागीर चौथा. असा गृहस्थ पैसे सांठवून त्या कारागिराच्या दुकानीं जातो. कारागीर पहिला प्रश्न विचारतो तो हाच, “कॅलिबर कोणतें?” आणि येथेंच गृहस्थ अडखळतो. दस्ता, दुर्बीण, चापाचा ताण ह्या गोष्टी मागाहून बदलतां येतात. कॅलिबर एकदां ठरलें म्हणजे मात्र यंत्रणेची लांबी, रायफलीचें वजन, काडतुसाची किंमत आणि खांद्याला बसणारा धक्का हें सर्व त्याच्या पाठोपाठ ठरून जातें.

कॅलिबर म्हणजे नळीच्या आंतील व्यास, अशी व्याख्या केली जाते. ती खरी असली तरी पुरेशी नाहीं. रायफलीच्या नळींत मळसूत्री खांचा पाडलेल्या असतात. त्यांच्या योगानें गोळी स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडते व भोंवऱ्याप्रमाणें स्थिर राहते. व्यास खांचांच्या तळापासून मोजावा कीं दोन खांचांमधील उंचवट्यांपासून मोजावा, ह्याविषयीं निरनिराळ्या कारखान्यांनीं निरनिराळी पद्धत स्वीकारली. त्यामुळें .२७० विंचेस्टर नांवाच्या काडतुसांतील गोळी ०.२७७ इंच व्यासाची असते, आणि .२७५ रिग्बीची गोळी ०.२८४ इंच भरते. ‘.३०-०६’ ह्या नांवांतील शेवटचे आंकडे तर मापाचे नसून १९०६ ह्या सालाचे आहेत. तात्पर्य, हे आंकडे नांवें म्हणून वाचावे, मापें म्हणून वाचूं नयेत. .३०८ विंचेस्टर व .३०-०६ ह्या दोहोंची गोळी एकाच व्यासाची, म्हणजे ०.३०८ इंचाची असते. परंतु पहिल्याची पितळी पुंगळी ५१ मिलिमीटर लांब व दुसऱ्याची ६३ मिलिमीटर. एकाचें काडतूस दुसऱ्याच्या रायफलींत घालणें हा जीवावर बेतणारा प्रमाद होय. म्हणून कारागीर कॅलिबर विचारतो तेव्हां त्याला खरोखर पाहिजे असतें तें विशिष्ट काडतुसाचें पूर्ण नांव.

ह्या काडतुसांचा एक वंशवृक्ष आहे, आणि त्याचें मूळ जर्मनींतील ओबर्नडॉर्फ गांवीं सांपडतें. तेथील पॉल माउझर ह्यानें १८९८ सालीं पूर्णत्वास नेलेली बोल्टची यंत्रणा आजहि ह्या जातीच्या रायफलींचा आदर्श मानली जाते. त्याच्याच कारखान्यांतून १८९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ७ मिलिमीटर व्यासाचें व ५७ मिलिमीटर पुंगळीचें काडतूस निघालें. त्या पुंगळीच्या बुडाचा व्यास सुमारें १२ मिलिमीटर होता. पुढें १९०६ चें .३०-०६, १९२५ चें .२७०, १९५२ चें .३०८, १९५५ चें .२४३ आणि २००७ चें ६.५ क्रीडमोर हीं सर्व काडतुसें त्याच बुडाचीं निघालीं. बोल्टचें तोंड ह्या बुडाला धरतें. त्यामुळें एका बोल्टवर, यंत्रणेची लांबी पुरेल तेथपर्यंत, केवळ नळी बदलून ह्या कुटुंबांतील दुसरें काडतूस वापरतां येतें. ‘मॅग्नम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जबर काडतुसांचें घराणें निराळें; त्यांपैकीं बहुतेकांचें बूड इंग्लंडांतील हॉलंड अँड हॉलंड कंपनीच्या १९१२ सालच्या .३७५ वरून आलेलें, सुमारें साडेतेरा मिलिमीटरचें असतें. पहिली रायफल करवून घेणाऱ्यानें ही गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. नळी झिजते व बदलावी लागते. यंत्रणा मात्र दोन पिढ्या टिकते. बारा मिलिमीटरच्या घराण्यांत प्रवेश करणाऱ्याला पुढें निवडीस पुष्कळ वाव राहतो.

आतां मुख्य विचार, म्हणजे ही रायफल कोणत्या कामासाठीं करावयाची. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचें वजन साधारणपणें साठ ते शंभर किलोग्रॅम असतें. एल्क नांवाचा मोठा सांबरासारखा प्राणी तीनशें किलोग्रॅमपर्यंत भरतो. हरणाला .२४३ पुरतें, एल्कला .३०८ किंवा .३०-०६ बरें. जो केवळ कागदी निशाणावर नेम धरणार त्याचा हिशेब आणखी वेगळा. पुष्कळ नवखे मात्र “हरिण तर मारीनच, पण उद्यां अलास्कांतलें अस्वलहि समोर आलें तर?” असा विचार करून .३०० विंचेस्टर मॅग्नम पसंत करतात. तें अस्वल बहुधा आयुष्यांत कधींच समोर येत नाहीं. खांद्याला बसणारा धक्का मात्र प्रत्येक गोळीला येतो.

हा धक्का लहानसहान बाब नव्हे. सारख्या वजनाच्या रायफली घेतल्या आणि .२४३ चा धक्का एक मानला, तर ढोबळ मानानें .३०८ चा पावणेदोन, .३०-०६ चा दोन व .३०० मॅग्नमचा अडीचपटीहून अधिक भरतो. माणसाचें मन तो विसरत नाहीं. पुढच्या वेळीं चाप ओढण्याच्या क्षणींच डोळा मिटतो, खांदा आंखडतो आणि नळीचें तोंड खालीं झुकतें. स्वतःला हें कळतहि नाहीं. तें उघडकीस आणण्याची एक जुनी युक्ति शिकविणारे वापरतात. शिकणाऱ्याच्या नकळत जिवंत काडतुसांत एखादें दारू नसलेलें खोटें काडतूस मिसळून देतात. चाप ओढतांच आवाज होत नाहीं, धक्का बसत नाहीं, आणि तरीहि नळी हिसका खातांना सर्वांना दिसते. शिकणारा ओशाळतो, परंतु त्या एका हिसक्यानें त्याला जें समजतें तें पुस्तकांतून समजत नाहीं.

निशाण कागदाचें असेल तर अशा हिसक्याची शिक्षा दोन गुणांची असते. निशाण जिवंत असेल तर ती शिक्षा दुसऱ्यालाच भोगावी लागते. पोटांत किंवा पायांत गोळी घेऊन रानांत नाहींसें झालेलें हरिण दिवसेंदिवस तळमळत मरतें. हिंदुस्थानानें ह्याहून भयंकर परिणाम पाहिलेला आहे. कुमाऊंतील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनें ४३६ माणसांचे प्राण घेतले असें जिम कॉर्बेट ह्यांनीं नमूद केलें आहे. १९०७ सालीं त्यांनीं तिला मारलें, तेव्हां तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. पूर्वीं कोणीतरी झाडलेल्या गोळीची ती इजा होती, आणि त्या इजेमुळेंच तिला नेहमींचें भक्ष्य मारतां येईनासें झालें, असा कॉर्बेटांचा निष्कर्ष होता. कोणाच्या तरी एका चुकलेल्या गोळीची किंमत शेंकडों खेडुतांनीं दिली.

ह्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट ह्यांनीं कॉर्बेटांना एक रायफल भेट दिली. ती होती लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५, म्हणजेच वर सांगितलेलें माउझरचें ७ मिलिमीटर काडतूस. वाघ मारणाऱ्याच्या हातीं इतकें मध्यम माप पाहून आश्चर्य वाटेल. तथापि १९२६ सालीं रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याचा शेवट त्याच मापाच्या रायफलीनें झाला. स्कॉटलंडचा बेल नांवाचा शिकारी तर ह्याच काडतुसानें आफ्रिकेंत शेंकडों हत्ती मारी. हत्तीच्या कवटींत मेंदू नेमका कोठें असतो ह्याचा त्यानें कसून अभ्यास केला होता. त्याचें अनुकरण करूं नये हें उघडच आहे. आज आफ्रिकेंतील कांहीं देशांत मोठ्या व धोक्याच्या जनावरांसाठीं.३७५ हून लहान माप कायद्यानेंच वर्ज्य आहे. परंतु गोळी किती मोठी ह्यापेक्षां ती कोठें लागली ह्याला अधिक महत्त्व आहे, एवढें ह्या उदाहरणांवरून सिद्ध होतें.

लांब पल्ल्याच्या नेमबाजींत वारा हा मुख्य शत्रु. तेथें गोळीच्या जाडीपेक्षां तिचा आकार कामास येतो. व्यास लहान ठेवून गोळी लांब केली तर ती हवा सहज कापते आणि वाऱ्यानें कमी ढळते. ६.५ क्रीडमोरची १४० ग्रेनची गोळी नळींतून जवळजवळ .३०८ च्या १६८ ग्रेनच्या गोळीच्याच वेगानें सुटते. परंतु हजार यार्डांच्या सुमारास.३०८ ची गोळी ध्वनीच्या वेगाखालीं उतरूं लागते, तेव्हां ६.५ ची अद्याप त्या वेगाच्या वर असते. आणि धक्काहि तिचाच कमी. अशा लांब गोळीला अधिक वेगानें फिरवावें लागतें. इंग्लंडांतील गणितज्ञ ग्रीनहिल ह्यानें १८७९ सालीं ह्याचें सूत्र बसविलें. म्हणून ६.५ च्या नळींत दर आठ इंचांस एक फेरा देतात; .३०८ ला दहा ते बारा इंचांस एक फेरा पुरतो. नळीची मागणी नोंदवितांना हा आंकडाहि सांगावा लागतो.

ह्या काडतुसाला क्रीडमोर हें नांव न्यूयॉर्कजवळील एका जुन्या नेमबाजीच्या मैदानावरून मिळालें. तेथें १८७४ सालीं आयरिश व अमेरिकन संघांचा गाजलेला सामना झाला. तो अमेरिकनांनीं ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनीं, म्हणजे अवघ्या तीन गुणांनीं जिंकला. एका आयरिश नेमबाजाची गोळी अगदीं मध्यावर बसली होती, परंतु शेजारच्याच निशाणाच्या! ती गोळी जमेस धरली गेली नाहीं. उत्तम रायफल हातीं असूनहि मनाची एकाग्रता क्षणभर ढळली तर काय होतें, ह्याचा हा धडा दीडशें वर्षांनंतरहि शिळा झालेला नाहीं.

उरला खर्चाचा विचार. रायफल एकदां विकत घ्यावयाची असते, काडतुसें मात्र जन्मभर. .३०८ व .३०-०६ हीं अमेरिकेंतील खेड्याच्या दुकानांतहि मिळतात आणि तुलनेनें स्वस्त पडतात. नवलाईचें काडतूस निवडणाऱ्याला पुष्कळदां पुंगळ्या, टोप्या, दारू व गोळ्या आणून तीं घरीं भरावीं लागतात. नळीच्या आयुष्याचेंहि तसेंच. ढोबळ मानानें .३०८ ची नळी पांच हजार गोळ्या सोसते, ६.५ क्रीडमोरची दोन ते तीन हजार, आणि मोठ्या मॅग्नमची हजार-दीड हजारांतच आपली बिनचूकता गमावूं लागते. ज्याची रायफल लवकर झिजते व काडतूस महाग पडतें तो सराव कमी करतो. आणि ज्याचा सराव कमी त्याच्या हातून जखमी जनावर निसटण्याचा संभव अधिक.

आपल्या देशांत ह्या प्रश्नाचें स्वरूप निराळें आहे. इंग्रजी अमलांत लष्करी .३०३ काडतूस सामान्य नागरिकांस वर्ज्य झालें, आणि त्याऐवजीं .३१५ हें माप परवानाधारकांच्या रायफलींत रूढ झालें. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बनविणें किंवा तींत फेरफार करणें हा गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें शिकारीची जुनी प्रथाहि संपविली. तें योग्यच झालें. नेमबाजीची विद्या मात्र त्यामुळें लोपली नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यानें २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलीच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेंतील रायफल .२२ ची, म्हणजे लहान मापाची असते, आणि दहा गुणांचें वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचें. तेथें माप सर्वांना सारखेंच असतें. हात, श्वास व मन एवढेंच ज्याचें त्याचें.

आतां कारागिराच्या दुकानांत अडखळलेल्या त्या गृहस्थाकडे पुन्हां वळावें. हरणाची शिकार आणि निशाणाचा सराव हीं दोन्ही कामें त्याला करावयाचीं असतील, तर .३०८ किंवा ६.५ क्रीडमोर ह्यांपैकीं एक त्यानें निःशंकपणें निवडावें. दोहोंनाहि आंखूड यंत्रणा पुरते, दोहोंचें बूड एकच. आज एकाची नळी बसविली तर ती झिजल्यावर दुसऱ्याची बसवितां येईल. एल्कसारख्या मोठ्या जनावरावर त्याचें विशेष लक्ष असेल, तर थोडी लांब यंत्रणा व थोडा अधिक धक्का पत्करून .३०-०६ घ्यावें. मॅग्नमचा विचार दुसऱ्या रायफलीपर्यंत लांबणीवर टाकावा. आणि ज्यानें ह्यापूर्वीं फारशी गोळीच झाडलेली नाहीं, त्यानें कारागिराचा निरोप घेऊन प्रथम एक साधी .२२ आणावी व वर्षभर सराव करावा. वर्षानंतर तो पुन्हां त्या दुकानाची पायरी चढेल, तेव्हां कारागिराच्या प्रश्नाचें उत्तर देतांना तो अडखळणार नाहीं.