पिलू पाहायला जाताना



पत्रिकेवरचा आजचा विषय वाचून काही श्रोते मनातल्या मनात हसले असतील. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर धर्म, राज्यकारभार, अर्थकारण असे भारदस्त विषय येत आले आहेत. त्यांच्या पंगतीत ‘प्राणिसंग्रहालयातली पिले’ हा विषय म्हणजे शास्त्रीबोवांच्या शेजारी एखादे पोर पाट ओढून बसावे तसा! पण व्याख्यानमाला भरते त्याच दिवसांत शाळांना सुट्ट्या लागतात, आणि वाघिणीला बछडे झाल्याची बातमी छापून आली की दुसऱ्याच दिवशी आपण सारे सहकुटुंब, सहपरिवार निघतो. जे काम आपण इतक्या हौसेने करतो, त्याचा तासभर विचार करायला हरकत नसावी.

ही सहल कशी असते ते आपल्याला ठाऊकच आहे. पहाटे उठून पुऱ्या लाटल्या जातात, बटाट्याची भाजी डब्यात भरली जाते. आजी ‘मी कशाला येऊ?’ म्हणत सर्वांच्या आधी चपला घालून तयार असते. प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत अकरा वाजतात, ऊन तापते, आणि पिंजऱ्यापाशी गेल्यावर दिसते काय, तर सावलीत पसरलेली एक शेपटी! मुले हिरमुसतात, वडील माहितीचा फलक मोठ्याने वाचतात, आणि परतीच्या वाटेवर सर्वांच्या लक्षात राहते ती कुल्फी.

वास्तविक पिलांविषयी आपल्याला मुळातच केवढी ओढ आहे, हे आपली भाषाच सांगते. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू, हरणाचे पाडस, वाघाचा बछडा, सिंहाचा छावा. प्रत्येकाला निराळे नाव! ज्या समाजाने गोठ्यात, माळावर आणि रानाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या पिले वाढताना पाहिली, त्यालाच इतके शब्द लागतात. आज गोठे गेले, माळ गेले. शहरातल्या मुलाला करडू आणि कोकरू यांतला फरक दाखवायचा तर कोठे दाखवणार? म्हणून प्राणिसंग्रहालय ही केवळ करमणुकीची जागा उरलेली नाही.

पिलू पाहिले की आपण विरघळतो, यालाही कारण आहे. कोनराड लोरेन्ट्स या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली ते मांडले. मोठे डोके, पुढे आलेले कपाळ, खाली सरकलेले टपोरे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय: ही लक्षणे दिसली की माणसाच्या मनात वात्सल्य आपोआप जागे होते. निसर्गाने ही सोय आपल्या स्वतःच्या लेकरांसाठी केली. तिचा लाभ वाघाच्या आणि अस्वलाच्या लेकरांनाही मिळतो. मात्र एक ध्यानात ठेवावे. ही माया पिलाच्या रूपावर असते आणि रूप टिकत नाही. माझ्या आजच्या बोलण्याचे सगळे सूत्र या एका वाक्यात आहे.

आता पाहायचे काय? प्रत्येक पिलाच्या वागण्यात त्याच्या जातीचा सगळा संसार दिसतो. वाघीण सुमारे साडेतीन महिन्यांनी विते. बछडे जन्मतात तेव्हा किलोभर वजनाचे आणि आंधळे असतात. डोळे उघडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आई शिकार करून आणणारी असली की पिलाला दुबळे जन्मण्याची चैन परवडते. रानात ते दोन वर्षांच्या आसपास आईजवळ राहते, कारण शिकार हे शिकायचे शास्त्र आहे. जिराफाचे उलट. आईच्या पोटात पंधरा महिने, आणि जन्मतःच पोर पुरुषभर उंच! तासाभरात ते उभे राहते, कारण सिंहाच्या मुलखात बसून राहणाऱ्याला उद्याचा दिवस नाही. हरणाची तिसरीच तऱ्हा. पाडस गवतात निपचित पडून राहते आणि आई मुद्दाम लांब चरते. आपल्या वासाने पाडसाचा ठिकाणा शत्रूला कळू नये म्हणून. ‘अगं बाई, एकटंच टाकलंय बिचाऱ्याला,’ असे म्हणून आपण हळहळतो, तेव्हा ते पोर अगदी सुरक्षित असते. आणि मगर? जिला आपण क्रौर्याचा पुतळा समजतो, ती मगरीण अंड्यांतून पिलांचा आवाज आला की घरटे उकरते आणि ज्या जबड्याने रेडा ओढायचा त्याच जबड्यात पिलांना अलगद धरून पाण्यात नेते. वात्सल्य सुंदर चेहऱ्याचीच मिरास आहे, हा समज मोडायला मगरीसारखा गुरू नाही.

मुंबईच्या राणीच्या बागेचे उदाहरण घेऊ. १८६२ साली खुली झालेली ही बाग आज वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखली जाते. तेथे २०१६ साली हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आले. पेंग्विन म्हटला की आपल्याला बर्फ आठवतो. पण ही जात पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरची, दक्षिणेकडून येणाऱ्या थंड सागरी प्रवाहाच्या आधाराने राहणारी. १५ ऑगस्ट २०१८ रोजी बागेत पेंग्विनचे पिलू जन्मले. भारतात जन्मलेले ते पहिले पेंग्विन. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त, मग काय विचारता! सगळ्या शहराने बारसे केल्यासारखा आनंद केला. आणि आठवड्याच्या आत ते पिलू दगावले. पुढे २०२१ साली मे आणि ऑगस्ट महिन्यांत पुन्हा पिले झाली, ती जगली, वाढली. पेंग्विनांत नर आणि मादी दोघेही पाळीपाळीने अंडे उबवतात आणि आपल्या पोटातले अन्न काढून पिलाला भरवतात. त्या दारुण आठवड्यातून शिकण्यासारखे हे, की जन्म ही नुसती आरंभाची गोष्ट आहे. बातमी जन्माची होते; जगणे मात्र रोजच्या, बिनबातमीच्या कष्टांवर चालते. ते आईबापांचे कष्ट असतात, आणि पहाटे येऊन मासळी तपासणाऱ्या रखवालदाराचेही.

आता थोडे कठीण बोलतो. पिलू पाहून आपण घरी येतो, डबे घासून ठेवतो. ते पिलू तेथेच राहते आणि मोठे होते. मग पुढे काय?

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात ५ डिसेंबर २००६ रोजी क्नूट नावाचे पांढऱ्या अस्वलाचे पिलू जन्मले. आईने त्याला जवळ केले नाही. त्याचे जुळे भावंड चार दिवसांत गेले. क्नूटला थॉमस डॉर्फ्लाइन या रखवालदाराने बाटलीने दूध पाजून, शेजारी निजून वाढवले. जगभरातून माणसे लोटली. खेळणी निघाली, गाणी निघाली, नाणे निघाले. पण अस्वल मोठे झाले. डॉर्फ्लाइनला त्याच्याजवळ जाणे धोक्याचे झाले; २००८ साली तो वारलाही. १९ मार्च २०११ रोजी, वयाची पाच वर्षे पुरी होण्याआधी, क्नूट प्रेक्षकांच्या देखत पाण्यात कोसळला. मेंदूच्या दाहाने त्याला मरण आले, असे शास्त्रज्ञांनी पुढे दाखवले. दोष कोणाचा नव्हता. पण माणसाच्या मांडीवर वाढलेले पिलू धड माणसाचे राहत नाही आणि धड स्वजातीचे होत नाही, ही गोष्ट त्या चरित्रातून दिसली.

दुसरे उदाहरण कोपनहेगनचे. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी तेथल्या संग्रहालयाने मारियस नावाचा धडधाकट जिराफ मारला. कारण? त्याच्या रक्ताचे जिराफ युरोपातल्या संग्रहालयांत आधीच पुष्कळ होते आणि त्याच्यापासून वंश वाढवण्याची गरज नव्हती. जगभर संताप उसळला. संतापणाऱ्यांत मीही होतो. परंतु त्या संग्रहालयाने विचारलेला प्रश्न संतापाने मिटत नाही: दर वर्षी पिले हवीत, तर मोठ्या झालेल्या पिलांना जागा कोणी द्यायची? आपल्याकडे अनेक ठिकाणी नर-मादी वेगळे ठेवून संख्या आवरतात. म्हणजे ज्या पिंजऱ्यात पिलू नाही, तेथे संग्रहालय नापास झाले असे समजू नये. कित्येकदा तेथे कोणी तरी शहाणपणाने विचार केलेला असतो.

आणि पांढरे वाघ? १९५१ साली रेवा संस्थानच्या रानात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला गेला. त्याचे पांढरे वंशज मिळवण्यासाठी त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावण्यात आली, आणि १९५८ साली पांढरे बछडे झाले. जगातल्या पिंजऱ्यांतले बहुतेक पांढरे वाघ त्याच घराण्यातले. जवळच्या नात्यांतल्या अशा जोड्यांमुळे व्यंगे वाढली. तिरळेपणा तर त्या पांढऱ्या रंगाबरोबरच येतो. हे सारे कशासाठी? तुम्हाआम्हाला पाहायला मौज वाटते म्हणून. आपल्या कौतुकालाही जबाबदारी असते, ती अशी.

मग प्राणिसंग्रहालये बंदच करावीत काय? माझे तसे मत नाही. अरबस्तानातला ओरिक्स हा हरणासारखा प्राणी १९७२ च्या सुमारास रानातून नाहीसा झाला होता. पिंजऱ्यांत वाढवलेल्या कळपातून १९८२ साली तो ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडता आला. आपल्या दार्जिलिंगच्या संग्रहालयाने तांबड्या पांडाची पैदास केली आणि २००३ साली दोन माद्या सिंगालीलाच्या रानात सोडल्या. अशा ठिकाणी जन्मणारे पिलू हा साऱ्या जातीचा ठेवा असतो. आपल्या देशात १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे. त्याच्या मान्यतेवाचून संग्रहालय चालवता येत नाही. पुण्याच्या लोकांना १९५३ सालचे पेशवे उद्यान आठवत असेल. १९९९ साली कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि तेथे खंदकांमागे मोकळी, झाडीची आवारे आली. गजांचा पिंजरा ते खंदकाचे आवार, एवढा पल्ला आपल्या डोळ्यांदेखत ओलांडला गेला, हे काही थोडे नाही.

आता मी संग्रहालयाबाहेरच्या पिलाकडे येतो, कारण खरी परीक्षा तेथे आहे. जुन्नर भागात उसाची तोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. बिबट्याची मादी उसालाच रान समजून तेथे विते. बछडा मांजराएवढा, निळसर डोळ्यांचा. कोणालाही उचलून घ्यावासा वाटणारा. तेथेच घात होतो. त्या वेळी शहाणी माणसे वनखात्याला कळवतात. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले वैद्य येऊन बछडे तपासतात, आणि संध्याकाळी जेथे सापडले तेथेच ते पेटीत ठेवतात. सगळे लांब जातात. रात्री आई येते, आणि एकेकाला मानगुटीला धरून घेऊन जाते. ज्या बछड्याची आई परत येत नाही, त्याला पुढचे सारे आयुष्य बहुधा पिंजऱ्यात काढावे लागते. म्हणजे आपण कौतुकाने उचललेल्या पिलाला आपणच जन्मठेप दिलेली असते! ज्या शेतकऱ्याच्या शेळ्या बिबट्याने नेल्या, ज्याच्या घरातल्या पोराबाळांना अंधारात बाहेर पडायची भीती, तोही जेव्हा ती पेटी ठेवू देतो, तेव्हा त्याची भूतदया माझ्या-तुमच्या तिकिटाच्या पैशांपेक्षा फार मोठी असते.

म्हणून या सुट्टीत जरूर जा, पण थोडे निराळे जा. संग्रहालय उघडताच पोहोचा. सकाळच्या गारव्यात पिले खेळतात, दुपारी सारेच निजतात. पिंजरे मोजत धावू नका. एकाच आवारापाशी अर्धा तास गप्प उभे राहा. मुलांना मग आईचे कान कसे फिरतात, पिलू किती पावले लांब जाते आणि केव्हा परत येते, हे दिसू लागेल. काच ठोकू नका, खायला टाकू नका. प्राण्यांना छेडणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तो गुन्हाच होता. रखवालदार भेटला तर त्याला दोन प्रश्न विचारा: हे पिलू मोठे झाल्यावर कोठे राहील? आणि याचे भाऊबंद रानात किती उरले आहेत?

शेवटी एकच विनंती. पुढच्या वर्षी त्याच आवारापाशी पुन्हा जा. तोवर पिलाचे गुबगुबीतपण गेलेले असेल, वर्तमानपत्रे त्याला विसरली असतील, गर्दी दुसऱ्या पिंजऱ्यापुढे असेल. त्या वाढलेल्या, जरा ओबडधोबड झालेल्या जनावराला तुमच्या मुलाने ओळखले आणि नावाने हाक मारली, तर तुमची सहल सार्थकी लागली असे मी म्हणेन. लहानग्यावर माया करणे सोपे आहे; ते मोठे झाल्यावरही त्याची आठवण ठेवणे, याला मी संस्कार म्हणतो.