फॅन शांत केला आणि रीडिंग चुकलं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्यात थोडी डागडुजी केलीये, बाकी जसंच्या तसं.)

घरी वापरायला सेकंड हँड ऑसिलोस्कोप घ्यावा का, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. ऑसिलोस्कोप म्हणजे सर्किटमधलं व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं, ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. उत्तर आहे, घ्या. पण त्याआधी माझा किस्सा ऐका, कारण त्यात चूक माझी आहे आणि त्रास दुसऱ्या कुणाला तरी झाला.

मी पेणला घरून काम करतो. आमचं सॉफ्टवेअर छोट्या बोर्डांवर चालतं, त्यामुळे टेबलावर एक स्कोप लागतोच. दीड वर्षापूर्वी एक वापरलेला घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, महत्त्वाचंही नाही. चालू केला की 60 मिलिमीटरचा फॅन असा काही घोंघावायचा की आई बाहेरून ओरडायची, "अरे, ती गिरणी बंद कर बघू!" रात्री अकराला काम करायचं म्हणजे पंचाईतच.

मग मी काय केलं, तर "सायलेंट" लिहिलेला फॅन ऑनलाईन मागवला. तोच साईज, तेच 12 व्होल्ट. चार स्क्रू काढले, बसवला, झाकण लावलं. एकदम शांत. स्वतःवरच खूश झालो. तापमान मोजायचं डोक्यातही आलं नाही.

हे सगळं जानेवारीत. एप्रिल लागला आणि गंमत सुरू झाली.

आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगी आली होती, पहिलीच नोकरी. तिच्या कोडचं काम म्हणजे बोर्डनं मोजलेलं व्होल्टेज आणि स्कोपनं मोजलेलं व्होल्टेज ताडून पाहणं. ती कोड पाठवायची, मी माझ्या टेबलावर चालवायचो. दोन्ही आकडे जुळेनात. 30–40 मिलिव्होल्टचा फरक. मी तिला सांगितलं, "तुझ्या सरासरी काढण्यात काहीतरी गडबड आहे." तिनं कोड तीनदा लिहिला. तिसऱ्या वेळी मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर जरा चढ्या आवाजातच बोललो. ती गप्प बसली.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. "दादा, मी सगळे लॉग वेळेनुसार लावून बघितले. सकाळी नऊला आकडे जुळतात, दुपारी दोनला जुळत नाहीत. कोडला वेळ कळत नाही ना?"

कोडला वेळ कळत नाही. यंत्राला ऊन कळतं.

रोह्याला माझा कॉलेजचा मित्र राहतो. धाटावच्या एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांच्या लॅबमधली यंत्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम. रविवारी स्कोप पिशवीत घालून दिवा–रोहा मेमू पकडली. कासू, नागोठणे, निडी, रोहा, सगळा वेळ पिशवी मांडीवर. त्यानं झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, "फॅनला कशाला शिव्या देतोस? त्या बिचाऱ्यानं एकट्यानं घर चालवलं होतं."

आत चार गोष्टी दिसल्या. एक, चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारा रबरासारखा पॅड अर्धा सरकलेला. दोन, चपटी केबल बरोब्बर हवेच्या वाटेत आडवी. तीन, मागच्या पत्र्याला बारीक भोकं पाडून केलेली जाळी, तीही पात्यांना अगदी खेटून. जागा कमी म्हणून हवा शिट्टी मारत जायची. चार, फॅन पातळ पत्र्यावर थेट स्क्रूनं आवळलेला, मध्ये रबर नाही. म्हणजे फॅनचं कंपन सगळ्या डब्यात, डबा म्हणजे ढोलकीच.

थोडक्यात काय, तर आतल्या ढिसाळ कामाची भरपाई बनवणाऱ्यानं जोरात फिरणाऱ्या फॅननं केली होती. मी ती भरपाईच काढून घेतली.

आता थोडं गणित. फॅनचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलनं उतरतो. कानाला फार मोठा फायदा वाटतो, म्हणून आपण फसतो. त्यात हवा पुढे ढकलायचा दाब उतरतो एक चतुर्थांशावर. मोकळ्यावर ठीक वाटणारा फॅन बारीक जाळीसमोर दम टाकतो, तो इथेच. आणि पाकिटावर छापलेला डेसिबलचा आकडा मोकळ्या हवेत मोजलेला असतो, तुमच्या डब्यात नाही.

उष्णतेचा परिणाम दोन प्रकारचा. रीडिंग सरकतं, हा पहिला. म्हणूनच स्कोपच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की 20–30 मिनिटं गरम होऊ द्या, मग सेल्फ-कॅलिब्रेशन करा, आणि तापमान 5 किंवा 10 अंशांनी बदललं तर पुन्हा करा. दुसरा परिणाम हळू असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंश वाढीला साधारण निम्मं होतं. त्यात आपल्याकडे पावसाळ्याची दमट हवा आणि खाडीकडची खार. फॅन ती धुळीसकट आत ओढतो आणि बोर्डावर थर बसतो.

मित्रानं तापमान मोजायची तार आत सोडली, झाकण लावलं आणि तासभर चालू ठेवलं. माझ्या सायलेंट फॅननं आतली हवा 61 अंश. जुना फॅन परत लावला, 46. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

मग नीट काम केलं. पॅड जागेवर बसवला, केबल बाजूला बांधली. भोकांची जाळी कापून तारेचा गार्ड लावला. फॅन बॉल बेअरिंगचा, जुन्याइतकी हवा देणारा, पण रबरी पिनांवर. पुन्हा मोजलं, 47. आवाज आहे, पण गिरणीचा नाही. आता आई ओरडत नाही. सेल्फ-कॅलिब्रेशन केलं आणि दुपारी दोनचे आकडे जुळले.

निघताना मित्र म्हणाला, "लॅबमध्ये एखादं यंत्र अचानक शांत झालं की लोक खूश होतात. मी आधी फॅन बघतो."

चांगलं काम आतून कसं दिसतं, याची दोन उदाहरणं देतो. 1950–60 च्या दशकातल्या टेक्ट्रॉनिक्सच्या स्कोपमध्ये सिरॅमिकच्या पट्ट्या असायच्या, त्यांना चांदी मिसळलेलं सोल्डर लागायचं. त्या सोल्डरचं छोटं रीळ कंपनी यंत्राच्या आतच ठेवून द्यायची, दुरुस्त करणाऱ्यासाठी. आणि जुने लिनियर पॉवर सप्लाय आठवा, प्रभाकर देवधरांनी 1962 साली सुरू केलेल्या अप्लॅबसारख्या आपल्याकडच्या कंपन्या जे बनवत आल्या. त्या जातीच्या कित्येक सप्लायना फॅनच नसतो, मागे ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या. जड असतात, पण शांतता त्या वजनातूनच येते.

पेणकर म्हणून एक सांगतो. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात प्लास्टरच्या मूर्तीला आतून काथ्याचा आधार देतात. रंग चढला की बाहेरून सगळ्या मूर्ती सारख्याच सुंदर. उचलताना मात्र कळतं आत काय आहे.

तर सेकंड हँड यंत्र घ्यायला गेलात, तर अर्धा तास चालू ठेवून मगच रीडिंग बघा. मागे हात धरा, हवा खरंच बाहेर येतेय का? टॉर्चनं जाळीतून आत बघा. आवाज कसला आहे ते ऐका. एकसारखा हवेचा असेल तर चालेल, खरखर असेल तर बेअरिंग गेलंय. फॅन बदलायचा असेल तर आधी आणि नंतर तापमान मोजा. आणि प्लग काढल्यावरही लगेच आत हात घालू नका. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्टपर्यंत चार्ज उरलेला असू शकतो. जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या स्कोपमध्ये तर हजारो व्होल्ट असतात. माहीत नसेल तर जाणकाराला सोबत घ्या.

राहिली ती मुलगी. सोमवारी त्याच मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, मी सांगितलं की कोड पहिल्यापासून बरोबर होता, माझा स्कोप चुकत होता, आणि ते शोधलं तिनं. एकट्याला मेसेज करून सॉरी म्हणणं सोपं होतं. पण बोललो होतो सगळ्यांसमोर.

आता तिच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ जास्त आहे. प्रत्येक रीडिंगसोबत तापमानही लॉग होतं.

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या टेबलावरचं यंत्र आज कसं वाजतंय, ते एकदा ऐका.