‘शेतकऱ्याचे’ आणि ‘शेतकऱ्यांचे’ : लोककारभारातील एका अनुस्वाराचे मोल

(ओतूर, तालुका जुन्नर या परिसरातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मांडवी नदीच्या काठी वसलेल्या ओतूर गावात भाषेवर बोलावयाचे, तर त्यासाठी दूरचे दाखले शोधण्याची गरज नाही. येथील बाजारात कांदा येतो, तो शेतकऱ्यांचा. श्रावणातील सोमवारी कपर्दिकेश्वराच्या मंदिरात तांदळाच्या पिंडी उभ्या राहतात. त्या पाहण्यासाठी गर्दी होते, ती भाविकांची. पंचायतीचा कारभार चालतो, तो ग्रामस्थांचा. ‘शेतकऱ्यांचा’, ‘भाविकांची’, ‘ग्रामस्थांचा’ या तिन्ही शब्दांत एक समान गोष्ट आहे. मालकी किंवा संबंध एकाचा नसून अनेकांचा आहे, हे या शब्दांत एका बारीकशा टिंबाने सांगितले आहे. व्याकरणात यालाच षष्ठीचे अनेकवचनी रूप म्हणतात. शाळेत ते पाठ केले जाते. परंतु कारभारात त्याची आठवण क्वचितच ठेवली जाते.

एका शब्दात दोन वचने

मराठीची षष्ठी मोठी चतुर आहे. ‘शेतकऱ्याचा बैल’ म्हटले की शेतकरी एक आणि बैलही एक. ‘शेतकऱ्याचे बैल’ म्हटले की शेतकरी एकच, पण बैल अनेक. ‘शेतकऱ्यांचा बैल’ म्हणजे अनेकांच्या सामाईक मालकीचा एक बैल आणि ‘शेतकऱ्यांचे बैल’ म्हणजे दोन्हीकडे अनेकवचन. शब्दाच्या शेवटी येणारा चा, ची, चे, च्या हा प्रत्यय मालकीच्या वस्तूप्रमाणे बदलतो. मालक एक की अनेक, हे मात्र प्रत्ययापूर्वीचे सामान्यरूप सांगते.

येथेच सावधगिरी हवी. काही शब्दांत हा भेद ठळक असतो. ‘महिलेचे’ व ‘महिलांचे’, ‘समितीचे’ व ‘समित्यांचे’, ‘नदीचे’ व ‘नद्यांचे’ या जोड्यांत शब्दाचे रूपच पालटते. टिंब राहून गेले तरी वाचणाऱ्याला अर्थ उमगतो. परंतु ‘मुलाचे’ व ‘मुलांचे’, ‘शिक्षकाचे’ व ‘शिक्षकांचे’, ‘गावाचे’ व ‘गावांचे’, ‘विहिरीचे’ व ‘विहिरींचे’ या जोड्यांत अनुस्वाराखेरीज दुसरी कोणतीही खूण नाही. कारभारात नित्य येणारे बहुतेक शब्द, म्हणजे शेतकरी, मजूर, लाभार्थी, सभासद, विद्यार्थी, वारस, याच दुसऱ्या गटात मोडतात.

नियम काय सांगतो?

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या १४ लेखनविषयक नियमांना राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली. १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. या नियमांनी जुन्या लेखनातील अनुच्चारित अनुस्वारांना निरोप दिला. त्यामुळे ‘अनुस्वार आता गेले’ अशी एक ढोबळ समजूत पसरली. ती खरी नाही. नामांच्या व सर्वनामांच्या अनेकवचनी सामान्यरूपाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना अनुस्वार द्यावा, असे त्याच नियमांत स्पष्ट सांगितले आहे. आदरार्थी बहुवचनालाही तो लागू आहे. म्हणूनच ‘सरपंचांची सही’ हे एका सरपंचाविषयीही शुद्ध लेखन होय. मात्र या सोयीत एक संदिग्धता दडलेली आहे. ‘सरपंचांच्या सूचना’ एका सरपंचाच्या की अनेक गावांच्या सरपंचांच्या, हे टिंबावरून कळत नाही. अशा ठिकाणी गावाचे नाव किंवा संख्या लिहिणे हाच उपाय.

जुन्नरच्या दगडावरील साक्ष

हे टिंब कोणा पंडिताने नंतर जोडलेले नाही. संस्कृतातील षष्ठीच्या अनेकवचनाचा ‘आनाम्’ हा शेवट प्राकृतात ‘आनं’, ‘आणं’ असा झाला आणि झिजत झिजत मराठीच्या अनेकवचनी सामान्यरूपात अनुनासिकाच्या रूपाने उरला, असे ज्यूल ब्लॉक यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. म्हणजे ‘शेतकऱ्यांचे’ यातील टिंब ही प्राचीन षष्ठीचीच खूण आहे.

त्या प्राचीन रूपाचा पुरावा याच तालुक्यात आहे. जुन्नर परिसरातील लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातील प्राकृत दानलेख आहेत. पाण्याची दोन टाकी दान देणाऱ्या इरिल नावाच्या यवनाच्या लेखात ‘गतानं’ अशा धाटणीचे षष्ठीचे अनेकवचन येते. ‘गत लोकांपैकी’ असा त्याचा अर्थ लावला जातो. दुसऱ्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. दान कोणाचे, एकाचे की समूहाचे, हे दगडावर कोरून ठेवण्याची दक्षता त्या काळीही घेतली जात होती. आजच्या कागदाने त्याहून कमी दक्ष का असावे?

इंग्रजीच्या वर्गात

शाळेत इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांपुढे हाच प्रश्न दुसऱ्या वेषात येतो. इंग्रजीत ‘फार्मर्स’ हा एकच उच्चार तीन अर्थांनी येतो : अनेक शेतकरी, एका शेतकऱ्याचे आणि अनेक शेतकऱ्यांचे. कानाला भेद कळत नाही. तो केवळ लेखनातील वरच्या स्वल्पविरामाने कळतो. चिन्ह ‘एस’ या अक्षरापूर्वी आले तर मालक एक, नंतर आले तर मालक अनेक आणि चिन्हच नसेल तर ते साधे अनेकवचन.

विद्यार्थ्याला प्रथम ‘मालक किती?’ असे विचारावे. अनेक असतील तर आधी अनेकवचन पूर्ण लिहून घ्यावे. त्याच्या शेवटी ‘एस’ असेल तर पुढे फक्त चिन्ह द्यावे. ‘चिल्ड्रन’, ‘विमेन’ यांसारखा ‘एस’ नसलेला शब्द असेल तर चिन्ह देऊन मग ‘एस’ लिहावा. म्हणून ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनाच्या इंग्रजी नावात चिन्ह शेवटी येते आणि १४ नोव्हेंबरच्या बालदिनाच्या नावात ते ‘एस’पूर्वी येते. मालकीची वस्तू एक असो वा अनेक, इंग्रजी चिन्ह बदलत नाही. मराठी प्रत्यय मात्र बदलतो. मराठी मुलांचा गोंधळ पुष्कळदा येथेच होतो. मातृभाषेतील ‘मुलाचे’ व ‘मुलांचे’ हा भेद ज्याच्या मनात पक्का बसला, त्याला इंग्रजीतील भेद परका वाटत नाही.

ठराव आणि वारस

आता कारभाराकडे वळू. समजा, एखाद्या ग्रामसभेच्या ठरावात ‘तलावाखालील शेतकऱ्याच्या विहिरींची दुरुस्ती करावी’ असे लिहिले गेले. सभेतील प्रत्येकाला अभिप्रेत अर्थ ठाऊक होता. पाच वर्षांनी सदस्य बदलतात, लिहिणाराही बदलून जातो आणि कागद तेवढा उरतो. लेखापरीक्षणास आलेला अधिकारी विचारतो : हा एक शेतकरी कोण आणि त्याच्या एकट्याच्या विहिरींवर सार्वजनिक पैसा का खर्च झाला? निर्मळ हेतूने केलेल्या कामावर अशा वेळी विनाकारण संशयाची छाया पडते.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. खातेदार मृत्यू पावल्यावर अर्जात ‘मयताच्या वारसाचे नाव लावावे’ असे लिहिले जाते, वास्तविक वारस असतात चार : पत्नी, मुलगा आणि दोन विवाहित मुली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. कायद्याने दिलेला हक्क अनुस्वाराअभावी नष्ट होत नाही, हे खरे. परंतु अर्जातील एकवचन वाचून एकच नाव पुढे सरकले, तर सासरी नांदणाऱ्या मुलीला आपले नाव लावून घेण्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात. ‘वारसांची नावे’ असे लिहिले, की ती किती व कोणती, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. अनेकवचन हे येथे न्यायाचे पहिले पाऊल ठरते.

दोन नावे एकत्र येतात तेथेही हीच काळजी घ्यावी. ‘थोरल्या व धाकट्या भावांची जमीन’ या शब्दांवरून जमीन सामाईक की वाटणी झालेली, हे उमगत नाही. ‘दोघांची सामाईक जमीन’ किंवा ‘प्रत्येकाची स्वतंत्र जमीन’ असे उघड लिहावे. जेथे व्याकरण अपुरे पडते, तेथे एक शब्द अधिक खर्च करण्यात कमीपणा नाही.

करावयाचे काय?

ठराव कायम करण्यापूर्वी तो एकदा मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक ‘चा, ची, चे’पाशी थांबून ‘कोणाचे? किती जणांचे?’ असे विचारावे. शिक्षकांनी शुद्धलेखनाच्या तासाला पाठ्यपुस्तकाबरोबरच गावातील फलक व सूचना मुलांपुढे ठेवाव्यात. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर लिहिताना घाईत टिंब राहून जाते. म्हणून कागद सहीसाठी पुढे जाण्यापूर्वी कोणीतरी दुसऱ्याने तो तपासावा.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. राज्याचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, हा त्यामागील हेतू. ‘लोकांच्या’ या शब्दातही एक अनुस्वार आहे. तो काढला, तर जे सर्वांचे आहे ते कोणा एकाचे होऊन बसते. तो जागेवर राहील, हे पाहण्याचे काम लिहिणाऱ्या प्रत्येक हाताचे आहे.