शीव ओलांडण्यापूर्वी



मी मुंबईत शीवला राहतो. आमच्या स्टेशनावरच्या इंग्रजी पाटीवर ‘सायन’ असे लिहिलेले असते. पण शीव म्हणजे काय, हे तुम्हां खेड्यातल्या मंडळींना सांगायला नको. गावाची हद्द जिथे संपते ती शीव. मुंबईची हद्द एके काळी इथे संपत असे आणि पलीकडे साष्टी लागत असे. अलीकडे इंग्रज आणि पलीकडे पोर्तुगीज, म्हणून सतराव्या शतकात इंग्रजांनी इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. त्याचे अवशेष आजही उभे आहेत. शिवेच्या अलीकडे आहोत तोवर माघारी फिरता येते. एकदा ती ओलांडली, की पलीकडचा कायदा लागू होतो. आज ज्या कामाविषयी मी चार शब्द बोलणार आहे, त्या कामालाही अशीच एक शीव आहे.

ते काम म्हणजे घरगुती सर्व्हरच्या नव्या प्रणालीची चाचणी. नाव ऐकून दचकू नका. घरगुती सर्व्हर म्हणजे घरातली कणगीच म्हणा ना! एक साधा संगणक. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. कपाटाशेजारी तो दिवसरात्र चालू असतो. त्याच्या पोटात दोन-चार हार्ड डिस्क असतात आणि घरातल्या सर्वांचे फोटो, कागदपत्रे, मुलांच्या गुणपत्रिका त्यांवर साठवलेल्या असतात.

आमच्या कणगीत आणखी एक धन आहे. माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. माझ्या काकांनी टेपरेकॉर्डर आणून तिचा आवाज अकरा कॅसेटींत भरून ठेवला होता. पुढे कॅसेटींना बुरशी लागू लागली, तेव्हा मी त्या घाईघाईने संगणकात उतरवून घेतल्या. आज आजी नाही, ते जाते नाही आणि कॅसेटीही वाजत नाहीत. उरला आहे तो फक्त कणगीतला आवाज. म्हणून या कणगीला हात लावताना माझा हात जरा कापतो.

आता ही कणगी सांभाळणारा कारभारी कोण? ती संगणकातली प्रणाली. आमच्याकडे आहे तिचा पाया ‘झेडएफएस’ नावाच्या पद्धतीवर रचलेला आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ साली तिचे काम सुरू केले आणि २००५ साली ती सर्वांसाठी खुली झाली. तिची खुबी अशी. कोठारात गोणी ठेवताना चोख मुनीम तिचे वजन वेगळ्या वहीत लिहून ठेवतो. पुढे गोणी काढताना पुन्हा वजन करतो. वजन जुळले नाही, तर तीच गोणी दुसऱ्या कोठारातून आणतो आणि बिघडलेली बदलून टाकतो. ही पद्धत माहितीच्या प्रत्येक तुकड्याचा असाच ताळा ठेवते. महिन्यातून एकदा सगळ्या साठ्याची मोजदाद करण्याचीही सोय तिच्यात असते.

अशा प्रणालीची नवी आवृत्ती वरचेवर निघते. ती सर्वांच्या हाती देण्याआधी तयार करणारे लोक एक चाचणी-आवृत्ती काढतात. तिला ‘बीटा’ म्हणतात. नाटकवाले पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात, त्यातलाच हा प्रकार. दोष आहेत हे गृहीतच असते. ते पाहणाऱ्यांनी दाखवून द्यावेत, एवढ्यासाठीच तर तालीम!

या तालमीला मी जायचे ठरवले तेव्हा माझा भाचा घरी आला होता. तो म्हणाला, “मामा, सरळ बटण दाबा की! एवढं काय घाबरायचं?”

मी म्हटले, “अरे, नवं बियाणं आलं म्हणून कोणी सगळं रान त्यानंच पेरतं का? आधी एका वाफ्यात लावून बघतात. तुझ्याकडचा तो जुना संगणक आण. तोच आपला वाफा.”

त्या जुन्या संगणकात दोन लहान डिस्क घातल्या. खऱ्या कणगीतल्या निवडक वस्तूंची प्रत त्यावर उतरवली. मग एक वही घेतली आणि जुनी आवृत्ती चालू असतानाच काय काय चालते ते लिहून काढले. ही पायरी पुष्कळ लोक गाळतात. आधी काय चालत होते हेच ठाऊक नसेल, तर नंतर काय बिघडले ते कसे कळणार? शिक्षकमित्रांना हे पटेल. वर्षाच्या सुरुवातीची चाचणी घेतली नाही, तर वर्षअखेर मुलाने किती प्रगती केली ते सांगता येत नाही.

मग नवी आवृत्ती चढवली आणि वहीतला एकेक मुद्दा तपासला. मोबाइलवरून फोटो दिसतात का? दिसले. चालू यंत्रातली एक डिस्क काढून घेतली तर काम चालते का? चालले, आणि दुसरी डिस्क लावल्यावर साठा आपोआप भरून निघाला. प्रत उतरत असताना मधेच वीज गेली तर? १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज एकदम गेली होती, ते विसरलो नव्हतो. म्हणून मुद्दाम प्लग काढला. अर्धवट उतरलेली फाईल अपुरी राहिली, पण आधीचे सगळे शाबूत होते.

आणि मग फसलो. रोज रात्री साठ्याची प्रत दुसऱ्या जागी पाठवण्याचे काम नेमून दिले होते. सकाळी पाहिले तो त्यापुढे हिरवी खूण! भाचा म्हणाला, “झालं की!” पण मी ती प्रत उघडून आजीची एक ओवी लावायला गेलो, तर तिथे काहीच नव्हते. फडताळ उघडावे आणि आत रिकामा डबा निघावा, तसे झाले. काम झालेच नव्हते आणि प्रणाली मात्र झाले म्हणून सांगत होती. बंधुभगिनींनो, हिरव्या खुणेवर जाऊ नका. प्रत उघडून पाहिली, तरच ती प्रत.

हा दोष मी प्रणाली तयार करणाऱ्यांना कळवला. कळवण्याचीही एक रीत आहे. मी काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने लिहावे. नुसते ‘चालत नाही’ लिहिणे म्हणजे डॉक्टरांपुढे बसून ‘बरं वाटत नाही’ एवढेच सांगणे. पुढच्या चाचणी-आवृत्तीत ते काम दुरुस्त होऊन आले.

आता मूळ शिवेकडे येतो. नवी आवृत्ती चढवली तरी जुनी तिथेच बाजूला राखलेली असते. यंत्र पुन्हा सुरू करताना जुनी निवडली, की आपण माघारी येतो. म्हणजे अजून आपण शिवेच्या अलीकडेच आहोत. पण पुढे पडद्यावर एक नम्र सूचना येते, की तुमचा साठा जुन्या धाटणीचा आहे, तोही नव्या धाटणीचा करून घ्या. ही खरी शीव. इथे कारभारी बदलत नाही, तर वहीची लिपीच बदलते. ती नव्या कारभाऱ्याला वाचता येते, जुन्याला येत नाही.

वाफ्यावर होतो म्हणून मी ते बटण मुद्दाम दाबले आणि मग जुन्या आवृत्तीकडे परतलो. जुन्या आवृत्तीने साठा उघडायला साफ नकार दिला. भाचा गप्प झाला. जरा वेळाने म्हणाला, “मामा, हे खऱ्या कणगीवर झालं असतं तर?” मी म्हटले, “ओव्या गेल्या नसत्या. पण परतीची वाट गेली असती. नव्या कारभाऱ्यात जो काही दोष निघेल, तो सोसत त्याच्याकडेच राहावं लागलं असतं.”

ही भीती पोकळ नाही. ‘फ्रीनॅस’ नावाची प्रणाली २००५ पासून लोकांच्या वापरात होती. तिची ‘कोरल’ ही आवृत्ती मार्च २०१७ मध्ये पूर्ण तयार म्हणून बाहेर पडली आणि पुढच्याच महिन्यात ती मागे घेण्यात आली. लगोलग उडी घेणाऱ्यांना परतीची वाट शोधावी लागली. २०२३ च्या ऑक्टोबरात झेडएफएसची नवी आवृत्ती आली आणि नोव्हेंबरात वापरणाऱ्यांच्या ध्यानात आले, की नकललेल्या काही फाइलींत मधेच मजकुराच्या जागी नुसती शून्ये आहेत. शोध घेता दोष जुनाच निघाला. नव्या आवृत्तीने तो उघड्यावर आणला इतकेच. महिना संपता संपता दुरुस्ती आली. तात्पर्य, तालीम संपली म्हणजे दोष संपले, असे नव्हे.

कोणी म्हणेल, दोन डिस्कवर एकच माहिती असते, मग वेगळी प्रत कशाला? त्या पद्धतीला आरसा म्हणतात, आणि तिचा स्वभावही आरशाचाच. आपल्या गालाला काजळ लागले, की आरशातल्या गालालाही लागते. इकडे चुकून पुसले, की तिकडेही पुसले जाते. शिवाय दोन्ही डिस्क एकाच घरात! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईच्या सखल भागात तळमजल्यावरच्या घरांत काय वाचले आणि काय वाहून गेले, ते पाहिलेला माणूस एक प्रत घराबाहेर ठेवल्यावाचून राहत नाही. आमची ती प्रत गावी भावाच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत आहे.

शिक्षकमित्रांनो, तुमच्या शाळेतही आता संगणक आहेत. निकाल आणि मुलांच्या नोंदी त्यांत जातात. उद्या कोणी नवी आवृत्ती चढवायला आला, तर त्याला अडवू नका. नवे ते यावेच. पण तीन प्रश्न जरूर विचारा. आधी दुसऱ्या यंत्रावर करून पाहिले का? प्रत काढून ती उघडून पाहिली का? आणि परत कुठपर्यंत येता येईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत जनरल रजिस्टर त्याच्या हाती देऊ नका.

आमच्या खऱ्या कणगीवर नवी आवृत्ती मी, ती सर्वांसाठी निघाल्यानंतर दोन महिने थांबून चढवली. साठ्याची धाटणी मात्र अजून जुनीच ठेवली आहे. ती बदलण्याची सूचना पडद्यावर रोज येते आणि मी ती रोज वाचतो. एक दिवस ती शीवही ओलांडीन. पण गावाकडची पेटी उघडून आजीची ओवी कानांनी ऐकल्यावरच.