अंथरूण सुटावं म्हणून

महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोव्यातून आलेले डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, आशाताई, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना सांभाळणाऱ्या बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीनं मी आपणा सर्वांचं मिरज नगरीत मनःपूर्वक स्वागत करतो.

या गावाचं नाव तंतुवाद्यांनी आणि दवाखान्यांनी दूरवर नेलं. इथले तंबोरे आणि सतारी देशभरच्या मैफिलींत वाजतात. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथलेच होऊन राहिले. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं रुग्णालय उघडलं, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. आजही पहाटे मिरज जंक्शनवर उतरणाऱ्या गर्दीत एक्स-रेची पिशवी घेतलेला माणूस हमखास दिसतो, आणि त्याचा हात धरून सावकाश चालणारी त्याची आई किंवा वडील. आजची परिषद त्यांच्यासाठी आहे. ते इथं चालत येतात. परत जाताना त्यांतले किती जण चालत जातात?

हा प्रश्न मला माझ्या आईनं शिकवला. ती ७९ वर्षांची होती. न्यूमोनिया झाला म्हणून एका रुग्णालयात दाखल केलं, तेव्हा रिक्षातून उतरून ती स्वतःच्या पायांनी वॉर्डापर्यंत गेली. नवव्या दिवशी घरी आणली ती स्ट्रेचरवरून. ताप गेला होता, छाती साफ झाली होती, पण त्यानंतर ती कुणाच्या आधाराशिवाय मोरीपर्यंतही गेली नाही. त्या नऊ दिवसांत कुणीही हयगय केली नव्हती. सलाईन होतं म्हणून हात अडकला. बाथरूमला न्यायला नको म्हणून लघवीची नळी राहिली. पडेल म्हणून कॉटचे कठडे वर राहिले. आणि तिनं पाय खाली सोडले की मीच, तिचा डॉक्टर मुलगा, म्हणायचो, ‘आई, उठू नकोस. काय हवं ते मी देतो.’ मला ती सेवा वाटत होती.

विश्रांतीवरचा हा विश्वास जुना आहे. क्षयाला औषध नव्हतं त्या काळात इथल्या वॉनलेसवाडीसारख्या सॅनेटोरियममध्ये महिनोन्महिने पडून राहणं हाच उपचाराचा गाभा होता. औषधं आली, तरी ‘पडून राहा’ हा सल्ला आमच्या जिभेवरून गेला नाही. रिचर्ड ॲशर या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९४७ सालीच अंथरुणाच्या धोक्यांवर लेख लिहून सावध केलं होतं. पडून राहिल्यानं फुप्फुसांत कफ साठतो, पायांत रक्त गोठतं, कातडी सोलवटते, हाडं ठिसूळ होतात, मन खचतं.

सगळ्यात आधी जातात ते पाय. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं सुमारे एक किलो मांस झडलं. ही माणसं आजारी नव्हती. आपल्या पेशंटला वर ताप असतो, जेवण तुटलेलं असतं. अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातल्या रुग्णालयांत सत्तरीपुढच्या रुग्णांची पाहणी झाली. त्यांतले सुमारे ३५ टक्के जण आजारापूर्वी स्वतः करत होते ती कामं, म्हणजे अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, घरी परततानाही पहिल्यासारखी करू शकत नव्हते. दुसऱ्या एका अभ्यासात चालता येणारे वृद्ध रुग्णही ८३ टक्के वेळ कॉटवरच पडून असल्याचं दिसलं.

मराठीत आपण म्हणतो, ‘म्हातारीनं अंथरूण धरलं.’ पण वॉर्डात ते पुष्कळदा आपणच तिच्या हाती दिलेलं असतं.

मित्रहो, ही गोष्ट अटळ नाही. स्पेनमधल्या पाम्प्लोना इथं सरासरी ८७ वर्षांच्या रुग्णांकडून दाखल असतानाच सकाळ-संध्याकाळ थोडा व्यायाम करून घेतला. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले ते खालावले, व्यायाम करणारे सावरले. येल विद्यापीठात डॉ. शॅरन इनोये यांनी स्वयंसेवक तयार केले. ते रुग्णांना चालवत, त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवत, त्यांच्याशी बोलत. तेवढ्यानं रुग्णालयात भ्रम होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आत आलं.

तिकडे स्वयंसेवक शोधावे लागले. आपल्याकडे प्रत्येक कॉटशेजारच्या स्टुलावर सून, मुलगा, नातू रात्रंदिवस बसलेले असतात. त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं, की आजीला चमच्यानं भरवू नका, तिला खुर्चीत बसवा आणि तिच्या हातानं जेवू द्या. घरून तिची कवळी, चष्मा आणि पायाला घट्ट बसणारी चप्पल आणा. नुसत्या पेजेवर आणि डाळीच्या पाण्यावर ठेवू नका. डॉक्टरांना विचारून दूध, अंडं, मऊ उसळ द्या. आधी कॉटच्या कडेला बसवा, चक्कर येत नाही ना बघा, मग हात धरून संडासापर्यंत न्या. आणि आम्ही डॉक्टरांनी रोज स्वतःला विचारावं: ही नळी आज खरंच हवी आहे का? सलाईन थोडा वेळ काढून ठेवता येईल का? काही दुखण्यांत पेशंटला झोपवूनच ठेवावं लागतं, हे मी जाणतो. पण तसं असेल तेव्हा कारण लिहावं आणि ते बंधन कधी उठणार तेही लिहावं.

स्वागत समितीची या परिषदेला एकच विनंती आहे. केसपेपरवर ताप, नाडी, बीपी यांच्या खाली एक ओळ वाढवा: ‘आज चालले का?’ ज्याची नोंद होते त्याची चौकशी होते, आणि ज्याची चौकशी होते ते काम कुणीतरी करतं.

या परिषदेत दर तासाला सत्र पाच मिनिटं थांबेल. तेव्हा सर्वांनी उभं राहावं, चार पावलं चालावं, आणि शेजारी कुणी वडीलधारं असेल तर त्यांना हात द्यावा. उठायचं त्यांनीच, आपण फक्त हात द्यायचा. माझ्या आईला मी तेवढं दिलं नाही. तुमच्या वॉर्डातल्या आयांना ते मिळावं, एवढ्यासाठी तुम्हाला मिरजेला बोलावलं आहे.