तापलेल्या इंजिनाची नाडीपरीक्षा



तंजावूरच्या भोसले घराण्यातील राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी वैद्यकाच्या अभ्यासासाठी धन्वंतरी महाल स्थापन केला होता. त्या काळात डोळ्यांच्या रुग्णांच्या ज्या नोंदी लिहिल्या गेल्या, त्यांत रुग्णाची अवस्था आणि त्यावर केलेला उपचार ही दोन्ही नमूद केलेली आढळतात. आधी निदान, मग उपचार, हा वैद्याचा नेम होय. जुन्या मोटारीचे इंजिन तापले की मात्र पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. सुटा भाग आधी बदलला जातो. कारणाचा शोध मागाहून घेतला जातो.

अशी कल्पना करावी की, वैशाखातील दुपारी एक जुनी प्रीमियर पद्मिनी तिरुचिरापल्लीहून निघून राजवाड्याजवळच्या गर्दीच्या रस्त्यात शिरली आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या कंपनीची, मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली ही गाडी. तिचे इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे. हमरस्त्यावर तिचा काटा स्थिर होता. राजवाड्याच्या दाराशी खोळंबताच तो तांबड्या खुणेकडे सरकला व बॉनेटखालून वाफ येऊ लागली.

चालकाने प्रथम इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. याचे कारण असे की, झाकण आतील पाण्यावर दाब राखते. वातावरणाच्या दाबावर पाणी 100 अंश सेल्सियसला उकळते. त्याच्या निम्म्याएवढा दाब अधिक असला, तर सुमारे 111 अंशांना. दाब एकाएकी सुटला की, न उकळलेले पाणीही क्षणात वाफ होऊन उसळते व हात-तोंड भाजते. त्याचप्रमाणे कोरड्या पडलेल्या तप्त इंजिनात गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याची भीती असते.

आता लक्षणांकडे वळू. गाडी धावताना रेडिएटरला वारा आपोआप मिळतो. उभी असताना तो केवळ पंख्याकडून मिळतो. म्हणून चालताना थंड व थांबल्यावर गरम, असे लक्षण दिसले की, संशय पंख्यावर जातो. या गाडीत पंखा पट्ट्यावर फिरतो. पट्टा सैल झाला, तर पंखा व पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात. इंजिन बंद असताना पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. तो एक ते दीड सेंटिमीटरहून बराच अधिक दबत असेल, तर ताणून घ्यावा. चिरा पडल्या असल्यास बदलावा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे व धूळही काढून टाकावी.

याउलट गर्दीत ठीक, पण वेगात तापते, असे असेल, तर पाण्याचे अभिसरण अपुरे पडते असे समजावे. रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या असतात, किंवा खालची रबरी नळी मऊ पडून पंपाच्या ओढीने चपटी होते. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे भरत राहिल्याने पापुद्रे धरतात. म्हणून क्षारविरहित पाणी व शीतक द्रव यांचे मिश्रण वापरणे श्रेयस्कर.

इंजिन सुरू होताच थोड्या वेळात काटा चढू लागला, तर थर्मोस्टॅट तपासावा. ही झडप साधारणतः 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडते. ती काढून पातेल्यातील पाण्यात तपमापकासह टांगावी व पाणी तापवावे. उघडली नाही, तर निकामी समजावी. पुष्कळ ठिकाणी ती काढून फेकून देण्याची रीत आहे. त्यामुळे काटा खाली येतो खरा; परंतु इंजिन योग्य तपमानापर्यंत पोचण्यास फार वेळ लागतो, पेट्रोल अधिक लागते, आणि बुजलेला रेडिएटर मात्र बुजलेलाच राहतो.

पाणी वारंवार कमी होते, पण गळती कोठेच दिसत नाही, धूर पांढरा येतो, तेल दुधाळ झाले आहे, ही लक्षणे मात्र गंभीर होत. हेडखालचे गॅस्केट फुटले असावे. पाणी भरत पुढे जात राहिल्यास हेड वाकते, आणि पट्ट्याच्या किरकोळ खर्चात भागणारे काम सबंध इंजिन उतरवण्यावर येते.

म्हणून जुन्या गाडीत एक वही असावी. काटा केव्हा चढला, गाडी उभी होती की धावत होती, पाणी किती घालावे लागले, हे तारखेसह टिपावे. नवा मेकॅनिक आला, तरी ती वही वाचून त्याला नेमकी कोठून सुरुवात करायची ते कळेल.