चपला सांभाळणारा मुलगा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस 'खेळ आणि चारित्र्य' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून तत्त्वचर्चेत न शिरता एका खेळाडूची हकीकत सांगावी व तिच्या अनुषंगाने आमची स्वतःची एक चूक आपणांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे.

क्रीडाक्षेत्रात डेकॅथलॉन नावाची एक संयुक्त स्पर्धा असते. धावणे, उड्या मारणे व फेकणे मिळून दहा प्रकार एकाच खेळाडूने दोन दिवसांत पुरे करावयाचे आणि अखेर सर्व गुणांची बेरीज पाहावयाची. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत पंजाबच्या गुरबचन सिंग रंधावा यांनी या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. एका प्रकारात मागे पडलेल्यास पुढच्या प्रकारात उणीव भरून काढण्याची संधी येथे मिळते. मात्र मैदान सोडून जाणाऱ्याला ती मिळत नाही.

पुण्यात स्थायिक झालेले श्री. मुरलीकांत पेटकर हे काही डेकॅथलॉनचे खेळाडू नव्हेत. परंतु या स्पर्धेचे मर्म त्यांच्याइतके आयुष्यात उतरविलेला दुसरा खेळाडू आम्हांस ठाऊक नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ हे त्यांचे गाव. लहानपणी कुस्तीचा नाद. पुढे लहान वयातच ते सैन्यात गेले आणि तेथे मुष्टियोद्धे म्हणून नावारूपास आले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्या देहाच्या जोरावर नाव मिळविले, तो अर्धा देहच निकामी झाला. आता खेळ संपला, असे कोणीही म्हटले असते.

रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले, आणि तेथूनच दुसरा डाव सुरू झाला. १९६८ साली तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७० साली एडिंबरो येथे पक्षाघातग्रस्त खेळाडूंच्या राष्ट्रकुल स्पर्धांत त्यांनी तीन पदके मिळविली: पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य. खांदा तोच, मनगट तेच. पण पाणी कापणे, भाला भिरकावणे आणि गोळा ढकलणे या तिन्हींची रीत वेगळी. पायांचा आधार नसताना बसल्या जागेवरून फेक करावयाची, तर सारा जोर छाती, खांदे व दंड यांतूनच काढावा लागतो.

१९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी जागतिक विक्रमासह सुवर्णपदक पटकाविले. भालाफेकीत आणि चाकांच्या खुर्चीच्या अडथळा शर्यतीतही त्यांनी त्याच स्पर्धांत अंतिम फेरी गाठली. ऑलिंपिक व पॅरालिंपिक दोन्ही जमेस धरता, भारतीयाचे हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. अभिनव बिंद्रा यांचे सुवर्णपदक २००८ सालचे, म्हणजे त्यानंतर छत्तीस वर्षांनी आलेले. कऱ्हाडच्या खाशाबा जाधवांचे १९५२ चे कांस्यपदक आपल्या तोंडपाठ असते. पेटकरांचे नाव मात्र आपल्याच घरांत बहुतेकांस ठाऊक नव्हते. त्यांना पद्मश्री लाभली ती २०१८ साली. सुवर्णपदक आणि पद्मश्री यांच्यामध्ये शेहेचाळीस वर्षे गेली. पुढे २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, तेव्हा कोठे मुलांच्या तोंडी ते नाव आले.

सरकारने उशीर केला असे म्हणून आपणांस मोकळे होता येईल. आम्हांस मात्र तसे होता येत नाही.

आमच्या वर्गात पोलिओने एक पाय अधू झालेला मुलगा होता. खेळाच्या तासाला आम्ही त्यास मैदानाच्या कडेला बसवीत असू व सांगत असू, "तू सर्वांच्या चपला सांभाळ." यात आपण दया करीत आहोत, अशी आमची समजूत होती. एके दिवशी चेंडू सीमेपार त्याच्यापाशी गेला. त्याने बसल्या जागेवरून तो असा फेकला, की थेट यष्टिरक्षकाच्या हाती पडला. आम्ही "शाबास!" म्हणालो आणि पुढच्या तासाला त्यास पुन्हा चपलांपाशी बसविले. असे तीन वर्षे चालले.

काही वर्षांमागे तो मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आमच्या घरी आला. चहा झाला. निघताना हसत म्हणाला, "गुरुजी, आपल्या वर्गाची एक चप्पल मी कधी हरवू दिली नाही." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते आम्हांस आजही झोपू देत नाही.

त्या दंडात गोळाफेक होती की भालाफेक, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पेटकरांच्याच सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले. त्या सामन्याची वार्ता वाचली, त्या दिवशी आम्हांस प्रथम आठवला तो चपला सांभाळणारा मुलगा.

मंडळास आमची एकच विनंती आहे. आपल्या क्रीडादिनाच्या पत्रकात पुढील वर्षापासून बसून करावयाच्या गोळाफेकीचा प्रकार घालावा. पहिल्या वर्षाच्या बक्षिसांचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. आणि पालकहो, ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी संकोचापोटी त्याचे नाव मागे ठेवू नये. बेरीज अखेरीस करावयाची असते. पहिल्याच आकड्याला पाटी पुसू नये.